फॉर्म व्हॅलिडेशन भलतंच उत्तर देतंय: कंडिशन राहू द्या, आधी आलेली व्हॅल्यू बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यशाळेच्या नोंदणीचा फॉर्म, भरलेली माहिती तपासायला (म्हणजे व्हॅलिडेशनला) ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर पीएचपी, सोबत कोडही दिलाय, आणि चार गोष्टी विचित्र होतायत. किमान वय १८ ठेवलंय तरी ९ टाकलं की पास होतं आणि १०० टाकलं की "वय कमी आहे" येतं. सोबत किती जण येणार तिथे ० टाकलं की सर्व्हर म्हणतो फील्ड रिकामं आहे. ईमेल तोच ठेवून, काहीही न बदलता बटण दाबत राहिलं तर एकदा बरोबर, मग चूक, मग परत बरोबर. आणि मराठीत नाव लिहिलं तर मर्यादा ५० अक्षरांची असताना विसाव्या अक्षराच्या आतच "नाव फार मोठं आहे" येतं. सगळ्या कंडिशन पुन्हा पुन्हा वाचल्या, बरोबर दिसतात, मग ब्राउझरमध्येच काही गडबड असेल का?

ब्राउझरमध्ये गडबड नाहीये. हे चार वेगवेगळे बग आहेत आणि चौघांचंही कारण कोडमध्येच आहे, पण सापडत नाहीयेत ते एकाच कारणाने: तुम्ही कंडिशन वाचताय, आणि त्या कंडिशनच्या हातात नेमकं काय पडलंय ते अजून एकदाही पाहिलेलं नाही. फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते. नंबरचं फील्ड असो, तारखेचं असो, चेकबॉक्स असो, कोडपर्यंत पोचते ती स्ट्रिंग. तुमच्या डोक्यात ९ हा आकडा आहे, कोडच्या हातात ९ हे एक अक्षर आहे, आणि जवळजवळ सगळा घोळ ह्याच फटीतून आत येतो. (इथे मी आकडे मराठीत लिहितोय, कोडमध्ये ते इंग्रजी अंक समजा, वेगळं असेल तिथे सांगेन.)

म्हणून आधी बघायचं कसं ते सांगतो. नुसती व्हॅल्यू कन्सोलवर छापून उपयोग नाही, ९ छापलं की ९ च दिसतं, मग ते नंबर असो नाहीतर स्ट्रिंग, मागे स्पेस असो नाहीतर नसो. जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफ, जेसन-स्ट्रिंगिफायने अवतरणचिन्हांत गुंडाळलेली व्हॅल्यू आणि लेंग्थ, तिन्ही एका ओळीत छापा. पीएचपीत एको नको, व्हार-डंप वापरा, तो टाइप आणि बाइट्समधली लांबी दोन्ही सांगतो. पायथॉनवाल्यांनी रेप्र. आणि हे छापायचं कुठे, तर कंडिशनच्या बरोब्बर वरच्या ओळीत. वीस ओळी आधी छापलं आणि मधे कुणीतरी ट्रिम केलं (कडेच्या स्पेस काढल्या), कन्व्हर्ट केलं, तर तुम्ही बघितलेली व्हॅल्यू ती नव्हेच.

ह्याचा फायदा किती होतो त्याचा एक अनुभव. एका कामात सदस्य क्रमांकाचा फॉर्म होता, आठ आकडी क्रमांक, काही लोकांचा पास व्हायचा, काहींचा सर्व्हर नाकारायचा, आणि नाकारलेला क्रमांक आम्ही हाताने टाइप करून पाहिला की व्यवस्थित चालायचा. दोन दिवस रेगेक्स, म्हणजे मजकूर ज्या साच्यात बसतो का ते तपासायचा तो नमुना, बदलण्यात गेले. शेवटी व्हार-डंप लावला तर लांबी १० आली. आठ आकडे, लांबी १०! लोक पीडीएफमधून क्रमांक कॉपी करत होते आणि मागे नॉन-ब्रेकिंग स्पेस (दिसायला साधी स्पेस, पण वेगळं चिन्ह) चिकटून येत होती, जी यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, दोन बाइट्स घेते. ब्राउझरमध्ये मात्र कधीच अडलं नाही कारण जावास्क्रिप्टचं ट्रिम ही स्पेस काढतं, पीएचपीचं साधं ट्रिम काढत नाही. पीएचपी ८.४ पासून एमबी-ट्रिम आलंय, ते काढतं, त्याआधीच्या व्हर्जनवर युनिकोड रेगेक्सने काढावी लागते. आणि झीरो-विड्थ स्पेस नावाचा एक प्रकार आहे, तो तर जावास्क्रिप्टचं ट्रिम पण काढत नाही, डोळ्याला काहीच दिसत नाही, फक्त लेंग्थ एकाने जास्त येते. म्हणून म्हणतो, लांबी छापाच.

आता तुमचं वय. कोडमध्ये तुम्ही किमान वय थेट १८ असं लिहिलेलं नाही, फील्डच्या मिन अॅट्रिब्यूटमधून घेतलंय, जेणेकरून एकाच जागी बदलावं लागेल. विचार चांगला आहे, पण मिन पण स्ट्रिंग आणि व्हॅल्यू पण स्ट्रिंग, आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना स्ट्रिंग असल्या की तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर पहिल्या अक्षराशी. ९ आणि १८ मध्ये पहिलं अक्षर ९ आणि १, नऊ मोठा, म्हणून ९ पास. १०० आणि १८ मध्ये पहिलं सारखं, दुसरं ० आणि ८, शून्य लहान, म्हणून १०० नापास. २५, ४० अशी नेहमीची वयं बरोबरच येतात, त्यामुळे हा बग महिनोनमहिने दडून राहू शकतो. एका बाजूला जरी खरा नंबर असता तर जावास्क्रिप्टने दुसरी बाजू स्वतःच नंबर करून घेतली असती, म्हणूनच १८ थेट लिहिलेलं असताना हाच कोड चालायचा आणि "काहीच तर बदललं नाही" असं वाटतं.

उपाय म्हणजे दोन्ही बाजू नंबर करा, पण नंबर कशाने करायचं ह्यात पुढचे खड्डे आहेत. पार्सइंट वापरलंत तर ते सुरुवातीचे आकडे उचलतं आणि पुढचं गुपचूप टाकून देतं, म्हणजे कुणी "१२वर्षे" लिहिलं तरी १२ मिळतात आणि स्वल्पविराम घालून "१,२००" लिहिलं तर १ मिळतो. नंबर फंक्शन कडक आहे, पूर्ण मजकूर आकडा नसेल तर नॅन, म्हणजे हा नंबरच नाही असं उत्तर, देतं, पण रिकाम्या स्ट्रिंगला आणि नुसत्या स्पेसला ते ० म्हणतं. म्हणजे वय न भरणाऱ्याचं वय शून्य! आणि ह्याच कारणाने जुनं ग्लोबल इज-नॅन रिकाम्या स्ट्रिंगला "नंबर नाही" म्हणत नाही, कारण ते आधी आतल्या आत नंबर करून बघतं. बरं, "१ई३" असा मजकूर घ्या, मधलं ई इंग्रजी: नंबर म्हणतं १०००, पार्सइंट म्हणतं १, आणि नंबर टाइपच्या फील्डला हा मजकूर पूर्ण वैध आहे, ते अडवणार नाही.

मी करतो ते असं: आधी ट्रिम, मग रिकामं आहे का ते स्वतंत्रपणे तपासायचं, मग सुरुवातीपासून शेवटापर्यंत फक्त ० ते ९ आहेत का ते रेगेक्सने, मग नंबर करायचं, आणि त्यानंतरच लहान-मोठं. ह्या क्रमात प्रत्येक पायरीवर वेगळा मेसेज देता येतो आणि रिकामं, चुकीचं आणि मर्यादेबाहेरचं ह्या तीन गोष्टी एकमेकांत मिसळत नाहीत. त्या मिसळल्या की वापरणाऱ्याचे हाल होतात, तो बिचारा भरलेल्या फील्डकडे बघत बसतो आणि स्क्रीन सांगते "फील्ड भरा".

आणि हे नंबर टाइपच्या फील्डमध्ये फार होतं, म्हणून जरा थांबतो. त्या फील्डमध्ये माणसाने "१२-" असं अर्धवट काही टाइप केलं तर स्क्रीनवर ते दिसत राहतं, पण तुम्ही व्हॅल्यू मागितलीत की ब्राउझर रिकामी स्ट्रिंग देतो, कारण त्याच्या लेखी तो वैध आकडाच नाही. तुमचा कोड म्हणतो रिकामं, माणूस म्हणतो मी तर भरलंय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. फरक ओळखायचा असेल तर फील्डच्या व्हॅलिडिटीमधलं बॅड-इनपुट बघा, ते ट्रू असेल तर "आकडा नीट लिहा", नाहीतर "भरा". त्याच फील्डचं स्टेप पण लक्षात ठेवा. ते न लिहिल्यास १ धरलं जातं म्हणून १.५ नाकारलं जातं, आणि स्टेपची मोजणी मिनपासून सुरू होते, म्हणजे मिन १ आणि स्टेप ५ दिलंत तर चालणारे आकडे १, ६, ११ असे, ५ आणि १० नाहीत.

दुसरा बग, शून्य. पीएचपीतलं एम्प्टी हे फंक्शन नावावरून वाटतं तसं "रिकामं आहे का" एवढंच बघत नाही. रिकामी स्ट्रिंग, नल, फॉल्स, रिकामा अॅरे, नंबर शून्य आणि स्ट्रिंगमधलं "०" सुद्धा, सगळ्यांना ते रिकामं म्हणतं. सोबत कुणी येणार नाही हे सांगायला माणूस शून्यच लिहिणार आणि तुम्ही त्यालाच हाकलताय. इथे एम्प्टी काढा, व्हॅल्यू आलीच नसेल तर रिकामी स्ट्रिंग धरा, ट्रिम करा आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करा.

पण सावध, बहुतेक जण इथून फिल्टर-व्हारकडे जातात आणि तोच बग परत आणतात. फिल्टर-व्हारला पूर्णांक तपासायला सांगितलं की चुकल्यावर फॉल्स मिळतो आणि बरोबर असल्यावर तो पूर्णांकच मिळतो, म्हणजे शून्याला ० मिळतो, आणि तुम्ही ते थेट इफमध्ये घातलंत की शून्य परत नापास. तिथे उत्तर फॉल्सशी काटेकोर तुलना करूनच तपासायचं. स्ट्र-पॉसचं पण असंच, शोधलेलं अगदी सुरुवातीला सापडलं तर उत्तर ०, आणि इफ म्हणतो सापडलं नाही.

ब्राउझरच्या बाजूला गंमत उलटी आहे. जावास्क्रिप्टमध्ये "०" ही स्ट्रिंग खरी धरली जाते आणि नंबर शून्य खोटा. म्हणजे आज तुमचा ब्राउझरमधला कोड शून्याला पास करतोय तो केवळ व्हॅल्यू अजून स्ट्रिंग आहे म्हणून. वर सांगितल्याप्रमाणे वयाबरोबर हे फील्ड पण नंबर करून टाकलंत आणि "उद्गारचिन्ह व्हॅल्यू" (म्हणजे व्हॅल्यू खोटी आहे का) अशी कंडिशन तशीच ठेवलीत तर उद्यापासून ब्राउझर पण शून्याला अडवेल. एक दुरुस्ती दुसरा बग जन्माला घालते ती अशी. त्यामुळे खरं-खोटं ह्या भरवशावर रिकामेपणा तपासणं दोन्हीकडे सोडा, थेट रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करा.

पीएचपीचं व्हर्जन पण एकदा बघून घ्या. ८ च्या आधी दोन बरोबरच्या चिन्हांनी नंबर शून्य आणि कुठलाही शब्द यांची तुलना केली तर ते सारखे निघायचे, २०२० मध्ये आलेल्या ८ पासून ते बंद झालं. पण "१ई३" आणि "१०००" ह्या दोन स्ट्रिंग आजही दोन चिन्हांनी सारख्याच निघतात कारण दोन्ही आकड्यासारख्या दिसतात. ड्रॉपडाउनची व्हॅल्यू यादीत आहे का हे इन-अॅरेने बघत असाल तर तिसरा पॅरामीटर ट्रू द्या, नाहीतर तोही अशीच ढिली तुलना करतो.

तिसरा बग, ईमेलचा, एकाआड एक. हा बघितला की माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो, पण कारण एका अक्षराचं आहे: तुमच्या रेगेक्सला शेवटी जी फ्लॅग (रेगेक्सच्या मागे लावायचं एका अक्षराचं सेटिंग) लावलाय. जी असला की रेगेक्स ऑब्जेक्ट मागच्या वेळी जुळणी कुठे संपली ते लास्ट-इंडेक्समध्ये लक्षात ठेवतो आणि पुढच्या टेस्टला तिथून पुढे शोधतो. पहिल्यांदा पूर्ण ईमेल जुळला, लास्ट-इंडेक्स मजकुराच्या शेवटी गेला. दुसऱ्यांदा शोध शेवटापासून सुरू, तिथे काही नाही, म्हणून फॉल्स, आणि फॉल्स आला की लास्ट-इंडेक्स परत शून्य. तिसऱ्यांदा परत ट्रू. तुमचा रेगेक्स फंक्शनच्या बाहेर एकदाच बनवलेला आहे म्हणून ही आठवण टिकते. जी काढून टाका, "जुळतं का" एवढ्याच प्रश्नाला त्याची गरज नसते. वाय फ्लॅग पण अशीच आठवण ठेवतो.

रेगेक्सचा विषय निघालाच आहे तर टोकं बांधण्याबद्दल बोलतो, कारण "हा मजकूर पास कसा झाला" ह्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. एचटीएमएलच्या पॅटर्न अॅट्रिब्यूटमध्ये लिहिलेला रेगेक्स ब्राउझर आपोआप पूर्ण व्हॅल्यूला लावतो, सुरुवात आणि शेवट दोन्ही बांधून. तोच रेगेक्स तिथून कॉपी करून जावास्क्रिप्टच्या टेस्टमध्ये किंवा पीएचपीच्या प्रेग-मॅचमध्ये टाकला की तो मजकुरात कुठेही जुळला तरी पास करतो, म्हणून सहा आकड्यांच्या कोडच्या फील्डमध्ये वीस आकडे पण चालून जातात. सुरुवातीला कॅरेट आणि शेवटी डॉलर लावा, आणि आत उभी रेघ घालून पर्याय दिले असतील तर सगळ्यांभोवती कंस घाला, नाहीतर कॅरेट फक्त पहिल्या पर्यायाला आणि डॉलर फक्त शेवटच्याला लागतो. पीएचपी आणि पायथॉनमध्ये डॉलर शेवटच्या नवीन ओळीच्या चिन्हाआधी पण जुळतो, म्हणजे मागे एक एंटर असलेला मजकूर पास होतो. पीएचपीत मोठा डी मॉडिफायर लावा, पायथॉनमध्ये फुल-मॅच वापरा. रूबीत तर कॅरेट-डॉलर प्रत्येक ओळीला लागतात, तिथे बॅकस्लॅश मोठा ए आणि बॅकस्लॅश छोटा झेड हवेत.

पॅटर्न अॅट्रिब्यूटचं अजून एक. त्यातला रेगेक्स चुकीचा असेल तर ब्राउझर तो पॅटर्न सरळ सोडून देतो, फॉर्म अडत नाही, फक्त कन्सोलमध्ये एक ओळ येते. आणि हल्लीचे ब्राउझर तो व्ही फ्लॅगने वाचतात ज्यात चौकटी कंसातला मोकळा डॅश चालत नाही, आधी बॅकस्लॅश लागतो. वर्षानुवर्षं चाललेला पॅटर्न अचानक काहीही पास करायला लागला तर आधी कन्सोल उघडा.

ईमेलसाठी फार मोठा रेगेक्स लिहू नका असं माझं स्पष्ट मत आहे. इंटरनेटवरून उचललेले लांबलचक रेगेक्स खरे पत्ते नाकारतात आणि खोटे पत्ते तरीही पास होतात. एक अॅट चिन्ह, दोन्ही बाजूंना काहीतरी, लांबी २५४ च्या आत, एवढं बघा आणि पत्त्यावर खात्रीची लिंक पाठवा, पत्ता खरा आहे का हे फक्त तीच सांगू शकते. रेगेक्स जड झाला की दुसरा धोका पण असतो. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली होती, कारण होतं मजकुराच्या कडेच्या स्पेस काढणारा एक साधासा दिसणारा रेगेक्स, आणि त्याच्यासमोर आलेल्या एका मजकुरात सलग २०,००० स्पेस होत्या. म्हणून रेगेक्स चालवायच्या आधी लांबी तपासायची, नंतर नाही.

आणि पत्त्यात प्लस चिन्ह असेल तर? रिक्वेस्टची स्ट्रिंग तुम्ही हाताने जोडून बनवत असाल तर प्लस सर्व्हरवर पोचेपर्यंत स्पेस होतो, कारण फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये प्लसचा अर्थच स्पेस. मग सर्व्हरवरचं व्हॅलिडेशन बरोबरच सांगतं की पत्ता चुकीचा आहे. एन्कोड-यूआरआय-कंपोनंट लावा, किंवा सरळ फॉर्म-डेटा पाठवा.

चौथा बग, नाव. इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय, कारण ह्यात माणसाला त्याचं स्वतःचं नाव चुकीचं आहे असं सांगितलं जातं. स्ट्र-लेन अक्षरं मोजत नाही, बाइट्स मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. "नमस्ते" हा शब्द घ्या: न, म, स, हलन्त, त, मात्रा अशी सहा चिन्हं, स्ट्र-लेन म्हणणार १८, एमबी-स्ट्रलेन म्हणणार ६, जावास्क्रिप्टची लेंग्थ पण ६, आणि वाचणारा मोजणार तीन. तुमची ५० ची मर्यादा म्हणजे प्रत्यक्षात १६ चिन्हं झाली, १७ व्यालाच ५१ बाइट्स होतात. एमबी-स्ट्रलेन लावा आणि डेटाबेसच्या कॉलमची लांबी कशात मोजली जाते तेही एकदा बघा, म्हणजे पुढे तिथे अडणार नाही. इमोजी आली तर ब्राउझर आणि एमबी-स्ट्रलेन पण एकमेकांशी जुळत नाहीत, जावास्क्रिप्ट बहुतेक इमोजी किमान दोन मोजतं, म्हणून मर्यादा जरा सैल ठेवा.

लांबी सुटली की पुढचा अडथळा नावाचा रेगेक्स असेल, तो आत्ताच सांगून ठेवतो. "ए ते झेड" लिहिलंत तर मराठी नाव नापास हे उघड आहे. बॅकस्लॅश डब्ल्यू लिहिलंत तरी जावास्क्रिप्टमध्ये त्यात देवनागरी येत नाही. मग लोक युनिकोडचं "कुठलंही अक्षर" म्हणजे बॅकस्लॅश पी आणि कंसात मोठा एल वापरतात, आणि "कमल" पास होतं पण "किरण" नापास! कारण वेलांटी युनिकोडच्या लेखी अक्षर नाही, ती मार्क ह्या गटात येते. म्हणून एल बरोबर एम पण हवा, यू फ्लॅगसकट. आणि झीरो-विड्थ जॉइनर पण चालू द्या. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर. "अदृश्य कचरा" म्हणून जॉइनर साफ केलात तर तो र शेवटी रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो आणि नाव बिघडतं. युनिकोड नॉर्मलाइझ केल्याने (एकच अक्षर लिहिण्याचे वेगळे प्रकार एकसारखे करून घेतल्याने) पण हे दोन प्रकार एक होत नाहीत, त्यामुळे नावावरून डुप्लिकेट शोधत असाल तर तिथे पण हे आठवा. खरं तर नावासाठी मी आता रेगेक्स लावतच नाही, रिकामं नसावं आणि वाजवी लांबीत असावं, बास.

पीएचपीत यू मॉडिफायर लावलात तर प्रेग-मॅचचं उत्तर तीन प्रकारचं असतं हे विसरू नका: जुळलं तर १, नाही तर ०, आणि मजकूर मोडका यूटीएफ-८ असेल तर फॉल्स. शून्य आणि फॉल्स एकत्र मोजले की एन्कोडिंगच्या चुकीला "नाव चुकीचं" असा मेसेज जातो.

मराठी कीबोर्डवरून आलेल्या अंकांचं पण ठरवा. "२५" असं देवनागरीत आलं तर जावास्क्रिप्टचं नंबर त्याला नॅन म्हणतं, पीएचपीत इंटमध्ये कास्ट केलं तर ० मिळतो, पायथॉनचं इंट मात्र व्यवस्थित पंचवीस देतं. सर्वात सोपं म्हणजे तपासायच्या आधी दहा चिन्हं बदलून घ्या, माणसाला परत टाइप करायला लावू नका.

तुमच्या फॉर्मवर अजून दिसल्या नाहीत पण दिसतील अशा गोष्टी आता भराभर. सेट-कस्टम-व्हॅलिडिटीने एकदा मेसेज दिला की तो स्वतःहून जात नाही, माणसाने चूक सुधारली तरी फॉर्म अडून राहतो, दर वेळी तपासायच्या आधी रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसायचा. कोडमधून फॉर्मचं सबमिट फंक्शन बोलावलं तर ब्राउझरचं व्हॅलिडेशन आणि सबमिट इव्हेंट दोन्ही टळतात, रिक्वेस्ट-सबमिट वापरा. टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे जातच नाही, टिक केलेला व्हॅल्यू न दिल्यास "ऑन" म्हणून जातो, डिसेबल्ड फील्ड जात नाही पण रीडओन्ली जातं. मोठ्या मजकुराच्या फील्डमध्ये ब्राउझर नवीन ओळ एका चिन्हाची मोजतो आणि पाठवताना दोन चिन्हं करतो, म्हणून बरोब्बर ५०० भरलेला मजकूर सर्व्हरवर ५०० च्या वर जातो. एचटीएमएल एस्केप (खास चिन्हं पानावर सुरक्षित दिसतील अशा रूपात बदलणं) व्हॅलिडेशनच्या आधी करू नका, "आणि" चं चिन्ह पाच अक्षरांचं होऊन बसतं, ते काम पानावर दाखवताना करायचं.

सर्व्हर अचानक म्हणाला की सगळीच फील्ड रिकामी आहेत, तर व्हॅलिडेशनला हात लावू नका. पीएचपीत पोस्टचा आकार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, मूळ सेटिंग ८ एमबी, की पोस्टचा अॅरे पूर्ण रिकामा मिळतो, म्हणजे कुणीतरी मोठी फाइल जोडली असणार. डेटा जेसन ह्या स्वरूपात पाठवत असाल तरी तो अॅरे रिकामाच असतो, ते पीएचपी इनपुटमधून वेगळं वाचावं लागतं. आणि फॉर्म प्रचंड लांब असेल तर मूळ सेटिंगनुसार १००० व्हेरिएबलनंतरची फील्ड गळतात.

दुरुस्तीचा क्रम विचाराल तर आधी सर्व्हर, मग ब्राउझर. ब्राउझरमधलं तपासणं माणसाच्या सोयीसाठी आहे, ते कुणीही टाळून थेट रिक्वेस्ट पाठवू शकतं, त्यामुळे डेटाबेसमध्ये काय जाणार हे ठरवतो तो सर्व्हरवरचा कोडच. प्रत्येक फील्डसाठी एक छोटं फंक्शन करा, मजकूर घेतं आणि एकतर स्वच्छ व्हॅल्यू देतं नाहीतर चुकीचं कारण, आणि त्याला फॉर्म न उघडता ह्या व्हॅल्यू देऊन बघा: रिकामं, नुसती स्पेस, ०, ००, ९, १८, १००, उणे १, १.५, "१ई३", "१२वर्षे", मागे एंटर असलेला १८, देवनागरी २५, आणि स्ट्रिंगऐवजी अॅरे. हे शेवटचं विसरू नका, फील्डच्या नावापुढे चौकटी कंस लावून कुणीही अॅरे पाठवू शकतं आणि पीएचपी ८ मध्ये ट्रिमला अॅरे दिला की थेट टाइप-एरर येऊन पान पडतं.

वय, शून्य आणि ईमेल एवढ्याने सुटतील ह्याची मला खात्री आहे. नावाचं मात्र एमबी-स्ट्रलेन लावूनही अडलं तर व्हार-डंपने छापलेली ती ओळ आणि त्याच व्हॅल्यूचं बिन-टू-हेक्सचं (एकेक बाइट दाखवणारं) आउटपुट जसंच्या तसं पाठवा, नाव टाइप करून पाठवू नका, कारण टाइप केलेल्या नावात तो बग उरणारच नाही.